सव्यापसव्य : माउसच्या कळा, कुलूपबंद संगणक आणि मराठी परिभाषा

मराठीत ‘सव्यापसव्य’ हा शब्द आता त्रासदायक, वळणावळणाच्या आणि बव्हंशी निष्फळ खटाटोपाला लावला जातो. त्याचे मूळ धर्मविधीत आहे. जानवे डाव्या खांद्यावरून उजव्या हाताखाली घेतले म्हणजे सव्य आणि उजव्या खांद्यावरून डाव्या हाताखाली घेतले म्हणजे अपसव्य. श्राद्धकर्मात ही पालट पुनःपुन्हा करावी लागते आणि पाहणाऱ्याला मूळ कर्मापेक्षा ही पालटच अधिक वाटू लागते. लक्षणेने आलेला आजचा अर्थ तेथूनच निघाला. भाषाशास्त्राच्या दृष्टीने याहून लक्षणीय गोष्ट पुढेच आहे. संस्कृतात ‘सव्य’ म्हणजे मुळात ‘डावा’. ‘सव्यसाची’ अर्जुन तो डाव्या हातानेही बाण सोडतो म्हणून. परंतु त्याच ‘सव्य’ शब्दाला पुढे ‘उजवा’ असाही अर्थ कोशकारांनी नोंदविला आहे. म्हणजे डाव्या-उजव्याची अदलाबदल हातांत होण्याच्या कितीतरी आधी ती शब्दांत होऊन गेली होती.

हे सर्व आठवण्याचे निमित्त अगदी क्षुल्लक वाटेल असे आहे : कार्यालयातील संगणकाच्या माउसच्या दोन कळा. या कळांची अदलाबदल करण्याची मुभा वापरणाऱ्याला असावी की नसावी, आणि ती असली तरी त्या कळांना मराठीत काय म्हणावे, हे दोन प्रश्न वेगवेगळे दिसतात. पहिला प्रशासनाचा, दुसरा परिभाषेचा. पण ते एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की एकाला हात घातल्याखेरीज दुसरा सुटत नाही. परिभाषेवरील मराठी चर्चा आजवर बहुधा ‘इंग्रजी शब्दाला प्रतिशब्द कोणता’ या एकाच वर्तुळात फिरत राहिली. ज्या वस्तूला नाव द्यावयाचे ती वस्तू वापरणाऱ्याच्या हातात कशी असते, याचा विचार तीत क्वचितच झाला.

यवतमाळ जिल्ह्याच्या सोळा तालुक्यांपैकी कोणत्याही तालुक्याचे ठिकाण घ्यावे. पुसद, वणी, दारव्हा, राळेगाव, कोठेही चित्र फारसे निराळे नाही. तहसिलीत, पंचायत समितीत, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात टेबलावर संगणक असतो आणि तो सरकारचा असतो. त्याचा प्रशासकीय सांकेतिक शब्द जिल्ह्याच्या ठिकाणी कोणाकडे तरी असतो. महसूल सहायकाला त्यावर फेरफार, दाखले, टपाल यांची कामे दिवसभर करावयाची असतात, परंतु नवीन कार्यप्रणाली बसविण्याचा अधिकार त्याला नसतो आणि अनेक ठिकाणी मांडणी बदलण्याचे पानही उघडत नाही. आता हा सहायक डावखुरा आहे असे समजावे. मनुष्यजातीत शंभरांमागे सुमारे दहा जण डावखुरे असतात, तेव्हा ही कल्पना ओढूनताणून आणलेली नाही. माउस त्याने डाव्या हाताला घेतला की त्याची तर्जनी उजव्या कळेवर आणि मधले बोट डाव्या कळेवर येते. त्याला सोयीचे काय ते उघड आहे : उजवी कळ मुख्य व्हावी. ही गोष्ट यंत्राला सांगण्यास एका खुणेचे काम पुरते. ते काम त्याच्या हातून होऊ शकत नाही, हे या प्रकरणातील पहिले सव्यापसव्य.

येथे यंत्राची रचना थोडी तपशिलाने पाहणे अवश्य आहे, कारण ‘सुरक्षेमुळे बंद आहे’ हे उत्तर सरसकट दिले जाते आणि सरसकट स्वीकारलेही जाते. विंडोज या कार्यप्रणालीत सर्व मांडण्यांची एक मोठी नोंदवही असते व तिचे खाते-निहाय कप्पे असतात. एक कप्पा यंत्राचा, त्यास हात लावावयास प्रशासकाचा अधिकार लागतो. दुसरा कप्पा ज्या त्या वापरणाऱ्याचा. माउसच्या दोन कळांची अदलाबदल या दुसऱ्या, म्हणजे वापरणाऱ्याच्या स्वतःच्या कप्प्यात नोंदली जाते. ज्यांनी ही प्रणाली घडविली त्यांनी डावे-उजवे ही बाब यंत्राची नव्हे, माणसाची मानली होती. याच्या उलट कळफलकावरील एखादी कळ दुसऱ्या कळेच्या जागी नेण्याची मूळ व्यवस्था यंत्राच्या कप्प्यात आहे व तिला प्रशासकाची संमती लागते. एकाच टेबलावरील दोन साधनांना दोन निराळे न्याय लावलेले आहेत, आणि ते विचारपूर्वक लावलेले दिसतात.

मग अडते कोठे ? कप्पा वापरणाऱ्याचा, पण त्या कप्प्याकडे जाणारी वाट प्रशासकाला बंद करता येते. मांडणीची सर्व पानेच दिसेनाशी करणारे एक धोरण असते. ते लावले की पटलाचा रंग, घड्याळ, छापण्याचे यंत्र यांच्याबरोबर माउसही त्याच दाराआड जातो. कोणी मुद्दाम डावखुऱ्यांवर अन्याय करावयाचा म्हणून हे केलेले नसते. एका कुलपात सर्व कोंडणे सोपे, म्हणून कोंडले जाते. मालकी एकाची आणि किल्ली दुसऱ्याची अशी ही स्थिती आहे, व कूळकायद्याचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना ती अगदीच अपरिचित वाटू नये.

बाजूच्या अधिक कळांची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि येथे प्रशासकाची बाजू जड आहे हे मान्य केले पाहिजे. अंगठ्याखाली येणाऱ्या ज्या दोन कळा काही माउसांना असतात त्यांना मागचे पान व पुढचे पान अशी कामे आधीच नेमलेली असतात. ती बदलून तेथे ‘नक्कल’ किंवा ‘चिकटवा’ आणावयाचे तर कारखानदाराची किंवा त्रयस्थाची स्वतंत्र कार्यप्रणाली लागते. अशी प्रणाली माउसची प्रत्येक हालचाल मध्येच अडवून पाहते व बदलून पुढे देते. नेमकी हीच युक्ती कळफलकावर टंकलेले सांकेतिक शब्द चोरणाऱ्या प्रणालीही वापरतात. ज्या संगणकावरून जमिनीच्या नोंदी फिरतात तेथे असल्या मध्यस्थाला मज्जाव असला तर तक्रारीला जागा नाही. काही माउसांच्या पोटातच थोडी स्मृती असते. त्या एकदा दुसऱ्या यंत्रावर शिकविल्या की शिकविलेले बरोबर घेऊन येतात व कार्यालयाच्या संगणकाला काही बसवावे लागत नाही. ही वाट तंत्रदृष्ट्या सरळ आहे. परंतु घरचे साधन कार्यालयात जोडण्यास लेखी अनुमती घेणे हेच उचित. चोरवाटेने मिळालेली सोय पहिल्या तपासणीत जाते.

तेव्हा टीकेचे लक्ष्य कुलूप हे नाही. दोन भिन्न गोष्टींना एकच कुलूप लावले जाते, हे आहे. आणि त्या भिन्न आहेत हे दिसत नाही याचे एक कारण भाषेत आहे.

माउसच्या कळांना आपण डावी व उजवी म्हणतो. ही नावे स्थानवाचक आहेत. यंत्राच्या प्रमाणग्रंथांत मात्र ती तशी नाहीत. यु. एस. बी. साधनांच्या प्रमाणकात कळ पहिली, कळ दुसरी, कळ तिसरी असे क्रमांक आहेत व त्यांचा अर्थ मुख्य, दुय्यम, तृतीय असा लावलेला आहे. १९८४ साली मॅसॅच्युसेट्स येथे सुरू झालेल्या ‘एक्स’ या खिडकी-प्रणालीतही कळांना एक, दोन, तीन हेच आकडे आहेत. म्हणजे यंत्र कार्याने किंवा क्रमाने बोलते आणि माणसे स्थानाने बोलतात. बहुसंख्य माणसांच्या बाबतीत दोहोंचा निर्देश एकाच कळेकडे होतो, म्हणून फरक लक्षात येत नाही. कळांची अदलाबदल झाली की तो उघडा पडतो. यवतमाळहून दूरध्वनीवर सूचना येते, ‘राइट क्लिक करा’. ज्याने कळा बदलून घेतल्या आहेत त्याने डावी कळ दाबावयाची असते. सूचना शब्दशः पाळली तर काम बिघडते, आणि काम साधावयाचे तर सूचना मोडावी लागते. निर्देशवाचक पदे बोलणाऱ्याच्या स्थितीवर अवलंबून असतात हे पदव्युत्तर वर्गात ‘इथे-तिथे’, ‘मी-तू’ यांच्या आधारे शिकविले जाते. त्याचे याहून चांगले उदाहरण सहसा हाताशी येत नाही.

शेतकऱ्याला हा फरक शिकवावा लागत नाही. जुवाच्या ज्या अंगाला बैल जुंपून शिकविला त्या अंगालाच तो नीट चालतो, म्हणून ‘डावा’, ‘उजवा’ ही बैलाचीच ओळख होऊन बसते. बैल गोठ्यात एकटा उभा असला तरी तो ‘उजवा’च असतो. स्थानवाचक विशेषण येथे कार्यवाचक झाले आहे. बदल जुवावरचा, पण नाव बैलाचे. इंग्रजीतील ‘राइट क्लिक’ याचेही पुष्कळसे असेच झाले आहे, आणि मराठीत ते उसने आल्यामुळे तर ते अधिकच झाले आहे.

हा मुद्दा परिभाषाकारांना रुचणारा नाही, तरी तो मांडणे भाग आहे. ‘राइट क्लिक करणे’ हे मराठीत आज एकसंध क्रियापद आहे. बोलणारा त्याचे ‘राइट’ आणि ‘क्लिक’ असे तुकडे पाडत नाही. ‘राइट क्लिक कर’ म्हणताना ‘उजवा’ ही कल्पना त्याच्या मनात उभी राहतेच असे नाही. त्यामुळे ‘डाव्या बोटाने राइट क्लिक’ यात त्याला विसंगती जाणवत नाही. त्याचा ‘शुद्ध’ मराठी अनुवाद ‘उजवी टिचकी’ असा केला की तुकडे पुन्हा जिवंत होतात. ‘डाव्या बोटाने उजवी टिचकी’ हे वाक्य ऐकताच अडखळते. शिवाय ‘उजवी टिचकी’ म्हणजे उजव्या हाताची, उजव्या कळेची की पटलाच्या उजव्या कडेला मारावयाची, हेही स्पष्ट होत नाही. उसना शब्द कधीकधी अनुवादापेक्षा निर्दोष असतो तो या कारणाने : तो आपल्याबरोबर आपले घटक आणीत नाही. अर्थात त्याचीही एक अडचण आहे. मराठी शाळेत ‘राइट’ म्हणजे बरोबरची खूण. नवशिक्याने ‘राइट क्लिक’ म्हणजे ‘योग्य क्लिक’ असे समजण्याची शक्यता त्यामुळे उरतेच, आणि त्यात त्याचा दोष मानता येत नाही.

कारण ‘उजवा’ आणि ‘योग्य’ यांची सांगड इंग्रजीने मराठीवर लादलेली नाही. ती मराठीची स्वतःचीच आहे. ‘उजवा’ हा संस्कृत ‘ऋजु’, प्राकृत ‘उज्जु’ यावरून आलेला. म्हणजे जो सरळ तो उजवा. पुढे ‘एकापेक्षा एक उजवा’ यात तो श्रेष्ठतावाचक झाला. ‘मुलगी उजवणे’ हे मात्र याच घराण्यातले म्हणण्याचा मोह आवरावा. ते ‘उद्यापन’ याच्याकडे जाते. ‘डावा’ प्राकृत ‘डव्व’ यापासून, व त्याच्या वाट्याला ‘डावलणे’ आले. एखाद्याला डावलले म्हणताना त्याला डाव्या बाजूस टाकले हे आज कोणाच्या ध्यानात येत नाही, पण शब्द ते विसरलेला नाही. ‘डावे-उजवे करणे’ म्हणजे पक्षपात. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ रॉबेर हर्ट्झ याने १९०९ साली उजव्या हाताच्या श्रेष्ठत्वावर जो निबंध लिहिला त्यात हे श्रेष्ठत्व शरीरापेक्षा समाजाने अधिक घडविले आहे असे प्रतिपादन होते. मराठी शब्दकोशाचे हे पान त्याला साक्षीदार म्हणून उपयोगी पडले असते. डावखुऱ्या मुलाच्या हातातील पाटीवरची लेखणी काढून ती दुसऱ्या हातात देणाऱ्या पंतोजींना आणि मांडणीचे पान कुलूपबंद करणाऱ्या प्रशासकाला एकाच पंक्तीला बसविणे अन्यायाचे होईल. पहिल्याचा हेतू होता, दुसऱ्याचे दुर्लक्ष आहे. परिणाम भोगणारा हात मात्र तोच.

माउसच्या जन्मकथेत याला एक उपरोधिक प्रास्ताविक आहे. डग्लस एंगेलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत १९६४ च्या सुमारास केलेला पहिला माउस लाकडी होता व त्याला एकच कळ होती. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एंगेलबार्टने जे प्रात्यक्षिक दाखविले त्यातील माउसला तीन कळा होत्या. पण तेथे तो एकटा नव्हता. एंगेलबार्टचा उजवा हात माउसवर होता आणि डावा हात पाच पट्ट्यांच्या एका लहानशा फलकावर. त्या पट्ट्या एकत्र दाबून अक्षरे उमटत. मूळ कल्पना सव्यसाचीची होती. पुढे बाजारात माउस आला, कळा किती असाव्यात यावर वाद झाले (१९८३ साली ॲपलने ‘लिसा’ला एक कळ दिली, मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी आपल्या माउसला दोन), पण डाव्या हाताचा तो फलक मागे राहिला तो राहिलाच.

आता ‘टिचकी’ आणि ‘कळ’ या शब्दांविषयी. ‘टिचकी’ हा ‘क्लिक’ला सुचविलेला शब्द काही मराठी लेखनात रुळू पाहत आहे. त्यावर आक्षेप असा घेतला जातो की टिचकी मारताना बोट अंगठ्यावरून सुटते, माउसवर ते दाबले जाते. क्रिया भिन्न आहे. आक्षेप खरा, पण निर्णायक नव्हे. दोन्ही शब्द अनुकरणवाचक आहेत, आणि अनुकरणवाचक शब्दाकडून हालचालीचे चित्र मागण्याचे कारण नाही; ध्वनी मिळाला की पुरे. ‘कळ’ तर उत्तमच आहे. ‘कळ दाबणे’ मराठीत यंत्रयुगाच्या आरंभापासून आहे, ‘कळफलक’ त्यातूनच झाला आणि टिकला. ‘बटण’ हे सदऱ्याला असू द्यावे. ‘कळ’चे दोन समोच्चारी शब्द, एक वेदनेचा आणि दुसरा भांडणाचा, यांमुळे गोंधळ होईल असे कोणी म्हणेल, संदर्भ तो निवारतो. चुकीच्या बाजूची कळ दिवसभर दाबून मनगटात जी कळ येते तिची गोष्ट वेगळी. ‘मूषक’ याबद्दल न बोललेले बरे. ‘माउस’ला विभक्तिप्रत्यय मराठीचे लागतात, ‘माउसने’, ‘माउसची’. तो घरचा झाला आहे.

उरला प्रश्न दोन कळांच्या नावांचा. प्रमाणकातील अर्थ घेऊन ‘मुख्य कळ’ आणि ‘दुय्यम कळ’ म्हणावे असे सहज सुचते. फारसीतून आलेला ‘दुय्यम’ प्रशासनात सुप्रतिष्ठित आहे. प्रत्येक तालुक्यात दुय्यम निबंधक आहे. पण याच कारणाने तो अडचणीचाही आहे. ‘दुय्यम’मध्ये हुद्द्याची उतरंड आहे, गौणत्व आहे, आणि डाव्या-उजव्याची उतरंड मोडण्यासाठी दुसरी उतरंड आणणे शहाणपणाचे नाही. ‘निवड-कळ’ व ‘यादी-कळ’ ही कार्यवाचक नावे अधिक अर्थपूर्ण आहेत, परंतु दुसऱ्या कळेने प्रत्येक वेळी यादीच उघडते असे नाही. ‘पहिली कळ’ आणि ‘दुसरी कळ’ ही नावे सर्वांत साधी आणि, साधी असल्यामुळे कदाचित परिभाषा-समित्यांना न पटणारी, पण दोषरहित आहेत. तर्जनीखालची ती पहिली. हात कोणताही असो. ‘दुसऱ्या कळेने क्लिक करा’ ही सूचना वणीच्या उजव्या हाताच्या सहायकाला जितकी लागू, तितकीच आर्णीच्या डावखुऱ्या सहायकाला.

जिल्ह्याच्या भाषिक स्थितीने या मुद्द्याला अधिक वजन येते. झरी-जामणी, केळापूर या भागांत कोलामी, गोंडी आणि तेलुगू बोलणारी घरे आहेत, पुसद-दिग्रसकडे गोरमाटी. कोलामीचे एमेनोने केलेले वर्णन १९५५ साली प्रसिद्ध झाले तेव्हापासून ती भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना नावाने तरी परिचित आहे. या घरांतून संगणकाच्या शिक्षणवर्गाला येणारा विद्यार्थी घरची भाषा, शाळेची मराठी आणि पटलावरची इंग्रजी अशा तीन पायऱ्या चढत असतो. त्याला ‘राइट’ म्हणजे उजवे, बरोबर, की तिसरेच काही, हे कोडे सोडविण्यास लावण्याऐवजी ‘दुसरी कळ’ सांगणे सोपे. क्रमवाचक विशेषण तो पहिलीच्या वर्गात शिकलेला असतो.

आणि डावखुरा असणे हे जरी व्यंग नसले, तरी ज्याचा उजवा हात निकामी झाला आहे त्याचा विचार कायद्याने आधीच केलेला आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचे कलम २० प्रत्येक शासकीय आस्थापनेवर दिव्यांग कर्मचाऱ्यास वाजवी सोय पुरविण्याचे बंधन घालते. मळणीयंत्रात किंवा जिनिंगच्या यंत्रात हात गमावलेली माणसे या कापूसपट्ट्यात कार्यालयांच्या खिडक्यांबाहेर दिसतात. त्यांतला कोणी खिडकीच्या आत बसला तर त्याच्यासाठी कळांची अदलाबदल ही सवलत नसून कायद्याच्या कक्षेत येणारी गोष्ट ठरते. तिला खर्च नाही. मांडणीची सर्व पाने झाकून ठेवून केवळ माउसचे पान उघडे ठेवणारे धोरणही उपलब्ध आहे. प्रशासकाने ते एकदा लावावे लागते इतकेच.

एक अडचण मात्र त्यानंतरही शिल्लक राहते. अदलाबदल वापरणाऱ्याच्या कप्प्यात असल्यामुळे ती तो आत शिरल्यावरच लागू होते. सांकेतिक शब्द मागणाऱ्या पहिल्या पटावर यंत्र अद्याप कोण आला आहे हे जाणत नाही आणि सर्वांना उजव्या हाताचे समजते. एकाच खात्यावर चौघांनी काम करावयाचे अशी जेथे पद्धत आहे तेथे तर एकाची सोय दुसऱ्याची अडचण होते, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर खुर्चीवर बसणारा पहिली कळ दाबून भलतीच यादी उघडतो. यावर माउसचा इलाज चालत नाही. प्रत्येकाला स्वतंत्र खाते द्यावे लागते, आणि ती मागणी सुरक्षेच्या नियमांतच आधीपासून लिहिलेली असते.